हसवणाऱ्या माणसावरचा विश्वास

रॉबी कोल्ट्रेन या नावावरून मराठी वाचकाला चटकन ओळख पटली नाही, तरी हॅग्रिड म्हटल्यावर पटते. हॅरी पॉटरच्या आठही चित्रपटांतला तो अवाढव्य, केसाळ रखवालदार: हातात गुलाबी छत्री, ओव्हरकोटाच्या खिशांत काहीबाही कोंबलेलं, आणि इतरांना धडकी भरवणाऱ्या प्राण्यांवर आईसारखी माया. त्याच्या बोलण्यातला हेल इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला, शेतीवाडीच्या मुलखातला. कोल्ट्रेन स्वतः मात्र स्कॉटलंडचा, ग्लासगोला खेटून असलेल्या रदरग्लेन गावचा. ज्या आवाजाने तो जगभर पोचला, तो त्याचा जन्माचा आवाज नव्हता. आणि ज्या कामांमुळे ब्रिटनमधली माणसं त्याला थोर नट मानतात, ती आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिली आहेत. ‘टुटी फ्रुटी’, ‘क्रॅकर’ आणि ‘नॅशनल ट्रेझर’ या तीन टीव्ही मालिका त्यांत पहिल्या. पुढच्या पानांतलं त्याचं चरित्र वाचायला घेण्यापूर्वी या तिन्हींची आणि त्यांच्या आजूबाजूच्या काळाची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे.

विनोदी नटाला प्रेक्षक घरात घेतो. गंभीर नटाचा तो आदर करतो, पण जरा अंतरावरून. हसवणाऱ्यासमोर तो बेसावध असतो, कारण खळखळून हसताना कुणालाच स्वतःला सावरून बसता येत नाही. ही बेसावध जागा कोल्ट्रेनने फार लवकर ओळखली होती. धर्मांधता, व्यसन, पुरुषांची हिंसा, ऐकून घेणारं कुणी नसलेल्या माणसांचा संताप, असे एरवी प्रेक्षक ज्यांच्यापासून नजर चुकवतात ते विषय तो हसत हसत त्यांच्या घरात घेऊन गेला. आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्याने तो विश्वासच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला. त्याच्या कारकिर्दीकडे मी या अंगाने पाहतो. तिला इतरही अंगं आहेत, पण हे अंग सोडलं तर उरतो तो फक्त एक लोकप्रिय, धिप्पाड नट.

त्याचं खरं नाव अँथनी रॉबर्ट मॅकमिलन. जन्म 30 मार्च 1950. वडील डॉक्टर होते आणि पोलिसांसाठीही वैद्यकीय काम करायचे. आई शिक्षिका, शिवाय पियानो वाजवणारी. घर खाऊनपिऊन सुखी होतं. मुलाला पर्थशरमधल्या ग्लेनआमंड या खर्चिक निवासी शाळेत घातलं गेलं. तिथे तो रग्बी खेळला, वादविवादात चमकला, पण वरच्या वर्गातल्या पोरांनी खालच्यांना छड्या मारायच्या, ही तिथली रीत त्याच्या मनात कायमची सलत राहिली. अशा खासगी शाळा बंद कराव्यात, असं तो पुढे जाहीरपणे म्हणत असे. शाळा संपल्यावर तो ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला, तर तिथे उलटाच अनुभव आला. त्याची उच्चभ्रू बोलण्याची ढब ऐकून बरोबरची मुलं त्याची टर उडवू लागली. शाळेत एक भाषा, कॉलेजात दुसरी, आणि दोन्हीकडे आपण थोडे उपरे! ज्याला अशा वयात आपला आवाज पुन्हा घडवावा लागतो, त्याचे कान आयुष्यभर तीक्ष्ण राहतात. मँचेस्टर, सेंट पीटर्सबर्ग, हॉगवर्ट्स असा त्याच्या भूमिकांचा पुढचा प्रवास पाहताना मला ग्लासगोतली ही वर्षं आठवत राहतात.

मनातलं कॅनव्हासवर उतरत नाही, हे त्याला कॉलेजातच कळून चुकलं. तो नाटकाकडे वळला, आणि वळताना सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं आडनाव घेतलं. अमेरिकन जॅझवर त्याचं निस्सीम प्रेम होतं. 1978 साली एडिंबराच्या ट्रॅव्हर्स थिएटरात जॉन बर्नचं ‘द स्लॅब बॉइज’ हे नाटक आलं, त्यात कोल्ट्रेन होता. पेझली गावाजवळच्या गालिच्यांच्या कारखान्यात रंग कालवणाऱ्या पोरांची ही गोष्ट. बर्नने स्वतः त्या कारखान्यात काम केलेलं होतं. तो चित्रकारही होता आणि नाटककारही, आणि त्याच्या संवादांत पेझलीच्या रस्त्यावरची धारदार, खोडकर बोली जशीच्या तशी यायची. या लेखकाशी जुळलेली गाठ कोल्ट्रेनच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची ठरली.

लंडनमध्ये तेव्हा विनोदाची हवा बदलत होती. 1979मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या, आणि त्याच वर्षी सोहोत कॉमेडी स्टोअर उघडलं. सासू, काळे, आयरिश, अशा ठरावीक गिऱ्हाइकांवरचे विनोद नाकारणारी नवी पिढी तिथे उभी राहिली. पीटर रिचर्डसनने जमवलेल्या ‘द कॉमिक स्ट्रिप’ या कंपूत कोल्ट्रेन वावरू लागला. 2 नोव्हेंबर 1982 रोजी चॅनल 4 सुरू झालं, त्या पहिल्याच रात्री या कंपूचं ‘फाइव्ह गो मॅड इन डॉर्सेट’ दाखवलं गेलं. एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’वर वाढलेल्या आपल्याकडच्या वाचकांनी ते जरूर पाहावं. त्या पुस्तकांतला परक्यांविषयीचा सहज तुच्छभाव त्यात असा काही उघडा पडतो की मूळ पुस्तक पुन्हा निरागसपणे हाती घेता येत नाही. याच सुमारास ग्रॅनडा या टीव्ही कंपनीच्या ‘अल्फ्रेस्को’मध्ये त्याच्याबरोबर एमा थॉम्पसन, ह्यू लॉरी, स्टीव्हन फ्राय आणि बेन एल्टन होते. बहुतेक जण केंब्रिजहून ताजे आलेले. कोल्ट्रेन वयाने मोठा, अंगाने मोठा आणि आर्ट स्कूलमधला.

पण त्याची स्वतःची धार दिसली ती बीबीसी स्कॉटलंडच्या छोट्या विनोदी नाट्यांत. 1984च्या एका कार्यक्रमात त्याने मेसन बॉइन नावाचं पात्र उभं केलं. ग्लासगो हे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक या दुफळीने चिरलेलं शहर. फुटबॉलचे संघही त्याच रेषेवर वाटलेले, रेंजर्स एका बाजूला, सेल्टिक दुसऱ्या. 1690च्या बॉइनच्या लढाईत प्रॉटेस्टंट राजा जिंकला, म्हणून ऑरेंज लॉजची मंडळी दर जुलैत गोल टोप्या घालून, खांद्यावरून पट्टे सोडून, ढोल-बासऱ्यांच्या गजरात मिरवणुका काढतात. मेसन बॉइन हा त्यांच्यातलाच एक. त्याला स्वतःच्या द्वेषात काही वावगं दिसत नाही. तो आपलं म्हणणं अगदी शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं मांडत जातो. आपल्याच गावातल्या, आपल्याच समाजातल्या धर्मवेडावर असा विनोद करायला धैर्य लागतं. कोल्ट्रेनने ते प्रसिद्धीच्या उंबरठ्यावर असताना दाखवलं, जेव्हा नट सहसा कुणाला दुखवत नाही.

आता ‘टुटी फ्रुटी’. 1987, सहा भाग, लेखक जॉन बर्न. ‘द मॅजेस्टिक्स’ हा स्कॉटलंडमधला रॉक अँड रोल वाद्यवृंद पंचविशी साजरी करायला निघाला आहे, आणि नेमका त्याचा मुख्य गायक बिग जॅझा मोटार अपघातात मरतो. अंत्यविधीसाठी न्यूयॉर्कहून आलेला त्याचा धाकटा भाऊ डॅनी मॅकग्लोन हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. मॅनेजर एडी क्लॉकर्टी त्यालाच भावाच्या जागी उभा करतो. दोन्ही भाऊ कोल्ट्रेनच. मॅनेजर रिचर्ड विल्सन. गिटार हाती घेऊन बॅंडमध्ये शिरणारी सुझी केटल्स म्हणजे एमा थॉम्पसन. गावोगावच्या ओसाड सभागृहांतून हा दौरा चालतो, आणि प्रत्येक भागात हशा पिकतो. पण त्या हशाखाली एका पिढीचे पुरुष विझत चाललेले दिसतात. तारुण्यात एकदा टाळ्या मिळाल्या, त्या टाळ्यांच्या व्याजावर ते पन्नाशीकडे आलेत. त्यांची फसवणूक, त्यांचा बायकांवरचा राग, त्यांची दारू, हे सगळं विनोदातच येतं, आणि कधी कधी विनोद मागे पडून एकदम अंगावर येतं. सुझीच्या नवऱ्याच्या हिंसेचा भाग पाहताना हसण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच राहतं. डॅनी हा लठ्ठ, बोलघेवडा, प्रेमात पडलेला माणूस. त्याचा धिप्पाडपणा बर्नने थट्टेचा विषय केला नाही, आणि कोल्ट्रेननेही होऊ दिला नाही. सुझीशी त्याची चाललेली शाब्दिक चकमक म्हणजे दोन बुद्धिमान माणसांचं प्रणयाराधन आहे, बरोबरीचं.

मालिकेला बाफ्टा मिळालं, थॉम्पसनला अभिनेत्रीचं मिळालं. आणि मग ‘टुटी फ्रुटी’ जवळजवळ गडप झाली. गाण्यांच्या हक्कांच्या अडचणींमुळे दोन दशकं ती पुन्हा धडपणे दाखवली गेली नाही. डीव्हीडी निघाली ती 2009मध्ये. एवढ्या दर्जाची कलाकृती एका पिढीला पाहायलाच मिळू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

‘टुटी फ्रुटी’च्याच वर्षी, 1987मध्ये, कोल्ट्रेनने डॉ. सॅम्युएल जॉन्सन रंगवला, एकदा लंडनच्या रंगमंचावर एकपात्री प्रयोगात आणि एकदा ‘ब्लॅकअ‍ॅडर’च्या तिसऱ्या मालिकेत, जिथे जॉन्सनच्या शब्दकोशाचं हस्तलिखित शेकोटीत जातं. 1993मध्ये बर्नने जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉझवेल यांच्या हेब्रिडीज बेटांच्या प्रवासावर दूरदर्शनपट केला, त्यातही जॉन्सन कोल्ट्रेनच. ज्या इंग्रज पंडिताने आपल्या कोशात ओट्सची व्याख्या करताना स्कॉटिश लोकांना टोमणा मारून घेतला, तो एका स्कॉटिश नटाने तीनदा मन लावून साकारला. जॉन्सनचं अगडबंब शरीर, त्यातली अस्वस्थता आणि वाक्याच्या शेवटी पडणारा घाव, हे कोल्ट्रेनला आतून कळत होतं. 1990मध्ये इटालियन नाटककार दारिओ फोचं ‘मिस्तेरो बुफो’ घेऊन तो स्कॉटलंडभर फिरला. एकटा नट, रिकामा रंगमंच, आणि बायबलच्या कथा गरिबांच्या बाजूने सांगायच्या. मेसन बॉइन करणाऱ्याला हे नाटक साहजिकच भावलं असणार.

चित्रपटांबद्दल थोडक्यात. ‘मोना लिसा’, डेरेक जार्मनचा ‘कॅराव्हॅजिओ’, केनेथ ब्रॅनाच्या ‘हेन्री द फिफ्थ’मधला फॉल्स्टाफ, या छोट्या भूमिका आवर्जून पाहाव्यात. मुख्य भूमिकांचे ‘नन्स ऑन द रन’ आणि ‘द पोप मस्ट डाय’ हे त्यापुढे फिके आहेत. दुसऱ्याची एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. अमेरिकेत त्या नावाच्या जाहिराती घ्यायला वाहिन्या तयार होईनात, तेव्हा वितरकांनी शेवटी एक अक्षर वाढवून ‘डाय’चं ‘डाएट’ केलं. एका धिप्पाड नटाचं काय करायचं हे सिनेमाच्या धंद्याला कळत नव्हतं, म्हणून त्या धंद्याने नेहमीचा स्वस्त विनोद केला.

याला उत्तर टीव्हीनेच दिलं. सप्टेंबर 1993मध्ये ग्रॅनडाने ‘क्रॅकर’ सुरू केली. लेखक लिव्हरपूलचा जिमी मॅकगव्हर्न. मँचेस्टरच्या पोलिसांना गुन्हेगारांची मनं उलगडून दाखवणारा मानसशास्त्रज्ञ डॉ. एडवर्ड फिट्झजेराल्ड, म्हणजे फिट्झ. स्वतः दारूच्या, सिगारेटच्या आणि जुगाराच्या आहारी गेलेला. बायको घर सोडून जाते, कारण घर गहाण पडलंय. पहिल्याच भागात तो वर्गात उभा राहून थोर तत्त्वज्ञांचे ग्रंथ विद्यार्थ्यांच्या अंगावर भिरकावतो आणि त्यांना सांगतो की माणूस समजून घ्यायचा तर आधी स्वतःच्या काळजात काय काय दडलंय ते बघा. पोलिसी मालिकांत हुशार तपासनीस पुष्कळ असतात. फिट्झ वेगळा, कारण समोरच्या खुन्यात त्याला जे दिसतं ते त्याला स्वतःतही दिसतं. चौकशीच्या खोलीतले ते प्रसंग कोल्ट्रेनने ज्या पद्धतीने केलेत, त्यांत त्याचं विनोदाचं सगळं शिक्षण कामी आलं. कुठे थांबायचं, समोरच्याला कधी हसवून सैल करायचं, आवाज कुठे इतका खाली आणायचा की आरोपीने पुढे वाकून ऐकावं. विनोदी नटाला वेळेचं जे भान असतं, ते त्याने कबुली काढून घेण्यासाठी वापरलं.

यातली ‘टू बी अ समबडी’ ही 1994मधली कथा मी ब्रिटिश टीव्हीवरच्या सर्वोत्तम कथांत धरतो. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलचे 97 प्रेक्षक त्यात जिवाला मुकले, काही पुढे दवाखान्यांत आणि वर्षांनंतर. दोष पोलिसांचा होता, पण खापर फोडलं गेलं ते मेलेल्यांवर आणि त्यांच्या सोबत्यांवर; एका खपाऊ वृत्तपत्राने तर त्यांना चोर आणि दारुडे ठरवलं. मॅकगव्हर्नच्या कथेत त्या दिवसातून वाचलेला अल्बी हा कामगार, वडील गेल्यावर आतून तुटतो. दुकानात चार पेनी कमी पडतात म्हणून पाकिस्तानी दुकानदार त्याला अडवतो, आणि अल्बी डोकं भादरून परत येऊन त्याचा खून करतो. रॉबर्ट कार्लाइलने हा अल्बी केलाय. त्याचा राग खोटा नाही आणि त्याचं कृत्य क्षम्य नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवायचं काम फिट्झच्या भूमिकेवर येतं. कोल्ट्रेन तिथे अल्बीवर मात करत नाही. तो ऐकतो. मजूर पक्षाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या या नटाला त्या खोलीत काय बोललं जातंय याची किंमत ठाऊक होती, असं मला वाटतं. 1994, 1995 आणि 1996 अशी सलग तीन वर्षं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बाफ्टा त्याच्याकडे आलं. ‘विनोदी नट’ ही पाटी तेव्हा गळून पडली, असं टीकाकार लिहितात. मला ते पटत नाही. फिट्झ हे त्याचं विनोदी कामच होतं, फक्त त्यात पणाला लावलेलं जास्त होतं.

त्यानंतरची कीर्ती सर्वांना दिसणारी आहे. ‘गोल्डनआय’ (1995) आणि ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’ (1999) या बाँडपटांत माजी केजीबी अधिकारी झुकोव्हस्की, आणि मग 2001 ते 2011 हॅग्रिड. या भूमिकेसाठी जे. के. रोलिंगच्या मनात पहिल्यापासून कोल्ट्रेनच होता. तो स्वतः सहा फुटांवरचा, तरी अर्धराक्षस दिसायला तेवढं पुरेसं नव्हतं. लांबून दिसणाऱ्या दृश्यांत हॅग्रिडच्या वेषात इंग्लंडचा माजी रग्बीपटू मार्टिन बेफिल्ड असायचा. जवळची दृश्यं, डोळे आणि आवाज कोल्ट्रेनचे. मुलांच्या चित्रपटात प्रौढ नट पुष्कळदा लहानांशी खाली वाकून बोलल्यासारखं करतो. हॅग्रिड तसं करत नाही. मुलांपेक्षा तोच जास्त बावचळतो, बोलू नये ते बोलून जातो, मुलांच्या देखत रडतो. तान्हेपणीच पोरक्या झालेल्या मुलाला पहिला वाढदिवसाचा केक आणून देणारा माणूस म्हणून जगभरच्या मुलांनी त्याला आपला मानलं, यात कोल्ट्रेनच्या त्या सौम्य आवाजाचा वाटा फार मोठा.

सार्वजनिक आयुष्यात तो मोकळा होता आणि चिडकाही. मजूर पक्ष, अण्वस्त्रविरोधी चळवळ, यांच्या बाजूने तो उघडपणे बोलायचा. 2006मध्ये त्याला ओबीई हा सन्मान मिळाला. खासगी आयुष्यात डोकावणाऱ्या पत्रकारांचा त्याला मनापासून तिटकारा होता. मन रमायचं ते यंत्रांत. जुन्या मोटारी, इंजिनं, त्यांचे सुटे भाग. 1993मध्ये जुनी कॅडिलॅक घेऊन त्याने अमेरिका आडवी पार केली, आणि 1997च्या एका मालिकेत इंजिनं कशी चालतात हे प्रेक्षकांना उलगडून दाखवलं. ती मालिका पाहिली की कळतं, शिकवण्यातला आनंद त्याच्यात आईकडून आला होता. 2020मध्ये रोलिंगच्या ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या मतांवरून वाद पेटला तेव्हा तो तिच्या बाजूने बोलला, आणि त्यावरून टीकाही ओढवून घेतली.

आणि 2016मधली ‘नॅशनल ट्रेझर’. तिची पार्श्वभूमी समजून घेतल्याशिवाय तिचं धाडस कळत नाही. जिमी सॅव्हिल हा ब्रिटनच्या घराघरातला लाडका कार्यक्रम सादरकर्ता 2011मध्ये मेला, आणि दुसऱ्याच वर्षी बाहेर आलं की त्याने दशकानुदशकं मुलांचं, मुलींचं लैंगिक शोषण केलं होतं. पोलिसांनी ऑपरेशन यूट्री सुरू केलं. 2014मध्ये रॉल्फ हॅरिसला शिक्षा झाली. ज्या चेहऱ्यांनी बालपण उजळलं, तेच चेहरे आरोपी म्हणून समोर येऊ लागले. लेखक जॅक थॉर्नने चार भागांत पॉल फिंचली या वृद्ध विनोदवीराची गोष्ट लिहिली, ज्याच्यावर जुन्या बलात्काराचा आरोप येतो. फिंचली कोल्ट्रेन, बायको ज्यूली वॉल्टर्स, मुलगी अँड्रिया राइझबरो. कोल्ट्रेनच्या सांध्यांचा आजार तेव्हा बळावलेला होता. काठीचा आधार घेत चालणारं ते थकलेलं शरीर आणि त्याची वेदना खरी आहे. हॅग्रिडवर प्रेम केलेल्या प्रेक्षकाने त्याच चेहऱ्याकडे पाहायचं आणि स्वतःला विचारायचं, मी याच्यावर विश्वास ठेवतोय तो का? पुराव्यामुळे, की तो मला हसवतो म्हणून? कोल्ट्रेन फिंचलीला कुठेही खलनायकाची खूण लावत नाही. तो गोड बोलतो, विनोद करतो, बायकोचा हात धरतो, आणि बायको ज्या तऱ्हेने त्या हाताकडे पाहते त्यात सगळं आहे. न्यायालय त्याला सोडतं; प्रेक्षकाला मात्र सुटका मिळत नाही, कारण तोवर त्याने खरं काय घडलं ते पाहिलेलं असतं. स्वतःच्या लोकप्रियतेचा असा उपयोग करू देणारा दुसरा विनोदी नट मला आठवत नाही.

14 ऑक्टोबर 2022 रोजी लार्बर्टच्या रुग्णालयात कोल्ट्रेन वारला. वय 72.

ज्यांना चरित्राबरोबर कामंही पाहायची आहेत त्यांनी ‘टुटी फ्रुटी’पासून सुरुवात करावी, आणि पहिल्या भागात ग्लासगोची बोली नीट कळली नाही तरी थांबू नये, इंग्रजी उपशीर्षकं लावली तर दुसऱ्या भागापासून कान सरावतो. ‘क्रॅकर’ क्रमाने पाहावी, कारण ‘टू बी अ समबडी’मध्ये जे घडतं त्याचा धक्का बसायला आधीच्या कथांतली माणसं ओळखीची व्हावी लागतात. ‘नॅशनल ट्रेझर’ शेवटी ठेवावी, चारही भाग शक्यतो एकाच बैठकीत, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाबरोबर. पाहून झाल्यावर तिच्याविषयी बोलायला कुणीतरी लागतं.